सात नंबरचा धोतरा

काका झाडाशी आले की आधी खिशातून पांढरा रुमाल काढायचे. मग पानाची कड चिमटीत धरून टचकन मोडायची, आलेला थेंब रुमालावर टिपायचा आणि कानामागची पेन्सिल काढून त्या डागाशेजारी बारीक आकडा लिहायचा. एक, दोन, तीन. फुलाकडे अजून पाहिलेलंही नसायचं.

"काका, हे काय आहे?" असं मी विचारलं की उत्तर ठरलेलं.

"घाई कशाला? नाव शेवटी."

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील, जी कुठल्याही समारंभात खुर्च्या लावताना दिसतात आणि फोटोत कधीच नसतात. काका त्यांतले होते. त्यांना मी सहा महिने ओळखत होते. त्यातला एक दिवस सोडला, तर मी त्यांच्याशी बरी वागले.

आमचं विद्यापीठाचं गाव न्यू मेक्सिकोच्या दक्षिणेला आहे. चहूकडे वाळवंट, लांब एका बाजूला डोंगर. मराठी घरं पाच-सहा. टेक्सासमधल्या प्लेनोसारख्या ठिकाणी म्हणे मराठी मंडळाला हॉल पुरत नाही. आमचा गुढीपाडवा एका काकूंच्या लिव्हिंग रूममध्ये मावतो आणि वर सोफा रिकामा राहतो. मी तिथे शक्यतो किचनच्या दारात उभी असते. तिथे ताटं पुसायला घेतली की कोणी फारसं बोलायला येत नाही. मी पुण्यात इंग्लिश मीडियममध्ये शिकले. मराठी बोलते, पण चार जणांत बोलताना एखादा शब्द अडतो आणि मग सगळं वाक्यच गिळून टाकते.

त्या पाडव्याला एका इंजिनिअरने मला हाक मारली. तो नागपूरच्या कोणाशी तरी हायवेबद्दल बोलत होता.

"अगं, तू प्लांट्समध्ये एमएस करतेस ना? ये, बाबांशी बोल. बाबा बॉटनीचे प्रोफेसर होते. कालच आले. सहा महिने आहेत आता."

बाबा म्हणजेच हे काका, एक किडकिडीत गृहस्थ. फुल शर्ट, वरचं बटन लावलेलं, पायांत मोजे. मी मनात तयारी केली. प्रोफेसर म्हटलं की थीसिसचा विषय विचारणार, मग गाइड, मग पुढे काय.

त्यांनी विचारलं, "टीपकागद वापरता की वर्तमानपत्र?"

"काय?"

"झाडं दाबायला. तुमच्या हर्बेरियमला."

मी म्हटलं, दोन्ही. ते खूश झाले. "आणि चिकटवायला? खळ?"

मला खळ म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं. मैदा पाण्यात शिजवायचा, त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं, म्हणजे झुरळं आणि कसर लागत नाही. सांगताना त्यांचा उजवा हात हवेत ढवळत होता. मी त्या हाताकडे बघत राहिले. अंगठ्याचं नख चपटं झालेलं, बोटांची टोकं गुळगुळीत. आमच्या डिपार्टमेंटमध्ये मी बरेच प्रोफेसर पाहिले आहेत. त्यांच्यापैकी कोणाचे हात असे नाहीत.

मी आठवड्यातून दहा तास विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये काम करते. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचं संग्रहालय. उंच लोखंडी कपाटं, त्यांत जाड कागद, प्रत्येक कागदावर एक झाड चिकटवलेलं. उजव्या कोपऱ्यात लेबल: कुठे सापडलं, कधी, कोणी तोडलं, कोणी ओळखलं. पुढे कोणाला वाटलं की ओळख चुकली आहे, तर तो आपल्या नावाची नवी चिठ्ठी आधीच्या चिठ्ठीच्या वर लावतो. जुनी चिठ्ठी काढायची नाही. चूक असली तरी नाही. काही कागदांवर पाच-पाच चिठ्ठ्या आहेत, एकावर एक.

इथली मॅनेजर लिंडा. साठीची, मोठ्याने हसणारी. मी तिला विचारलं, एक रिटायर्ड गृहस्थ बुधवारी मदतीला आले तर चालतील का? ती म्हणाली, उद्याच आण.

काका पहिल्या बुधवारी दारातच चपला काढायला लागले. मी घाईघाईने म्हटलं, "काका, नको, इथे घालूनच यायचं." त्यांनी नाइलाजाने परत घातल्या. मग लिंडाने एक जुनं कपाट उघडलं आणि काकांनी डोळे मिटून मोठा श्वास घेतला.

"डांबराच्या गोळ्या," ते म्हणाले. "आमच्या डिपार्टमेंटचा वास."

इथे आता त्या गोळ्या वापरत नाहीत, झाडं फ्रीजरमध्ये ठेवून किडे मारतात. पण जुन्या लाकडात वास उरला आहे. ते त्या कपाटाशी जरा जास्तच वेळ उभे राहिले. लिंडाने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

स्वयंसेवकाचा फॉर्म भरायचा होता. मी लॅपटॉप उघडून एकेक विचारत होते. आधीचं पद, या रकान्यात मी न विचारताच प्रोफेसर टाइप करायला घेतलं.

"थांब," काका हळूच म्हणाले. लिंडाला मराठी येत नाही, तरी त्यांनी आवाज खाली आणला. "लॅब असिस्टंट लिही."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"चौतीस वर्षं. बॉटनीच डिपार्टमेंट, ते खरं आहे. मुलाला म्हणू नकोस मी सांगितलं."

"पण तो म्हणाला..."

"तो लाजतो असं नाही गं. इथल्या लोकांना लॅब असिस्टंट म्हणजे काय ते समजावत बसावं लागतं. प्रोफेसर म्हटलं की एका शब्दात भागतं. सूनबाई तर आता फोनवर सरसुद्धा म्हणते. मी बघतो मागे, कोण आलंय." आणि ते त्यांचं बिनआवाजाचं हसू हसले.

कृष्णेकाठच्या एका तालुक्याच्या गावात त्यांचं कॉलेज होतं. सहल निघाली की पुढे सर, मधे मुलं आणि सर्वांत मागे पाठीवर झाडं दाबायचा फळ्यांचा प्रेस घेऊन काका. सर विचारायचे, "हे काय रे?" काका सांगायचे. सर मुलांकडे वळून तेच इंग्रजीत सांगायचे. संध्याकाळी झाडं दाबायची, रोज कागद बदलायचे, वाळली की चिकटवायची. लेबल काकांनी लिहायचं, कारण अख्ख्या कॉलेजात अक्षर त्यांचं चांगलं. फक्त शेवटची ओळ रिकामी ठेवायची. 'ओळखणाऱ्याचं नाव.' ती सर भरायचे.

"बाराशेच्या वर शीट्स असतील," ते म्हणाले. "अक्षर सगळ्यांवर माझं. नाव एकावरही नाही."

तक्रारीचा सूर नव्हता. पावसाचं मोजमाप सांगावं तसं सांगितलं. पण मग कपाटातला एक कागद पुढे ओढून त्यांनी त्याच्या कोपऱ्यातल्या चिठ्ठीवरून बोट फिरवलं. कोणा विद्यार्थिनीची होती, पन्नास वर्षांपूर्वीची. "इथे पोरांचीसुद्धा लावतात?"

"ज्याने ओळखलं त्याचं लावतात."

"अस्सं," ते म्हणाले. बराच वेळ बोट तिथेच होतं. "मग जाता जाता एखादं आपलंही लागू दे की."

ते थट्टेत बोलले होते. मीही हसले. पण त्या दिवसापासून ते दर बुधवारी इस्त्रीचा शर्ट घालून येऊ लागले, हे माझ्या लक्षात आलं होतं. मला फारसं बोलता येत नसलं, तरी अशा गोष्टी दिसतात.

त्यांच्याकडून मी शब्द शिकले. लॅटेक्सला चीक. कॅप्सूलला बोंड. मी लिहून घ्यायचे, इंग्रजी अक्षरांत. ते वहीत डोकावून म्हणायचे, "हे असं का, ट्रकच्या नंबर प्लेटसारखं?"

धोतऱ्याची गोष्ट मेमधली. इथल्या रस्त्यांच्या कडेला एक काटेरी झाड असतं, पांढऱ्या फुलांचं. इंग्रजीत त्याला काटेरी पॉपी म्हणतात. निळसर पानं, पानांना काटे, देठाला काटे, कळीला तीन शिंगं, आणि एवढ्या सगळ्या बंदोबस्तातून वर येणारं फूल मात्र चुरगळलेल्या पातळ कागदासारखं. वारा आला की पाकळ्या गळतात.

काकांनी गाडीच्या काचेतून ते पाहिलं आणि सीटबेल्ट ओढून पुढे वाकले. "अगं, हा धोतरा!"

शंकराला वाहतात तो नव्हे, काटेधोतरा. आपल्याकडे पिवळा असतो, पडीक शेतात, रेल्वेच्या बाजूला, कुठेही. बी विषारी, मोहरीत मिसळलं गेलं तर माणसं मरतात. मूळचा मात्र अमेरिकेकडचा, आपल्याकडे नंतर आलेला.

"कॉलेजच्या बागेत दर वर्षी मी हा उपटायचो," काका म्हणाले. "फॉरेनर म्हणून. आता बघ, त्याच्या गावात मी." आणि बाहेर बघून दोन्ही हात जोडल्यासारखं केलं.

माझ्या थीसिससाठी डोंगराच्या पायथ्याशी काही जागा ठरवलेल्या होत्या. तिथली झाडं तोडून, दाबून पुरावा म्हणून हर्बेरियममध्ये ठेवायची. एका शनिवारी काका सोबत आले. सूनबाईंनी डब्यात पराठे दिले होते आणि वर ताकीद: "रुमाल खराब करू नका हं बाबा. ते पिवळे डाग मशीनमध्ये निघत नाहीत."

सकाळपासून सहा ठिकाणी थांबलो. सहाही ठिकाणी धोतरा होता, सहा डाग रुमालावर पडले, नारिंगीकडे झुकणारे पिवळे. मी प्रत्येक वेळी वहीत लिहीत होते: चीक पिवळा. हे तिथल्या तिथे लिहावं लागतं. झाड वाळलं की चिकाचा रंग, वास, सगळं जातं. कागदावर उरतो तो नुसता आकार.

सातवी जागा एका खोऱ्यात होती. कोरडा ओढा, दगडगोटे, आणि कडेला धोतऱ्याची दहा-बारा झाडं. ऊन फार होतं. काका उतरले, रुमाल काढला, पान मोडलं. रुमालावर टिपलं. मग रुमाल डोळ्यांजवळ नेला. दुसरं पान मोडलं. मग शेजारच्या झाडाचं.

"हे वेगळं आहे," ते म्हणाले.

"कसं?"

"पानाच्या फाका बघ. अरुंद आहेत, लांब. आणि चीक..." ते पुन्हा वाकले. "रंग लिहून घे आधी."

तेवढ्यात मागे एक पिकअप थांबला. टोपी घातलेला एक म्हातारा गोरा माणूस काच खाली करून आमच्याकडे बघत होता. माझ्याकडे परवानगीचा कागद होता, सगळं रीतसर होतं. तरी मी वही मिटून घेतली. स्टुडंट व्हिसावर असलं की कोणी थांबून बघायला लागलं, तर आधी आपणच काहीतरी चुकलो आहोत असं वाटतं.

तो म्हणाला, पाणी आहे ना तुमच्याकडे? ऊन फार आहे आज.

आहे, म्हटलं. त्याने हात हलवला आणि तो गेला. एवढंच.

पण माझं धैर्य संपलं होतं. "काका, प्लीज, निघू या."

"रंग लिहिलास?"

"लिहिते गाडीत. चला ना."

"मुळासकट नको काढू. एकच फांदी घे. थोडीच झाडं आहेत." त्यांनी स्वतः एक फांदी कापली, फुलावर पातळ कागद ठेवून ती प्रेसमध्ये घातली. काटे वर येत होते म्हणून फळीवर उभे राहिले. "तू पण ये वर. माझं वजन पुरत नाही." आम्ही दोघं त्या फळीवर उभे होतो आणि ते हसत होते. मी रस्त्याकडे बघत होते.

गाडीत मी लिहिलं नाही. एसी लावला, पराठे खाल्ले, मग विसरले.

तीन आठवड्यांनी झाडं वाळली, चिकटवली आणि आमचे क्युरेटर बघायला आले. क्युरेटर म्हणजे संग्रहालयाचे मुख्य, माझ्या थीसिसच्या कमिटीवरही तेच. वाईट माणूस नाही. कमी बोलतात आणि घड्याळाकडे बघतात. सहा कागद त्यांनी भराभर पुढे सरकवले. सातव्यावरही तोच अंदाज सांगितला: नेहमीचीच जात.

काका टेबलाच्या कडेला उभे होते, इस्त्रीच्या शर्टात. ते मला म्हणाले, "त्यांना सांग, हे ते नाही. फाका अरुंद आहेत. आणि मुख्य म्हणजे चीक पांढरा होता, दुधासारखा. बाकी सहांचा पिवळा. इथल्या पुस्तकात बघितलंय मी. डोंगराच्या या बाजूला एक पोटजात आहे, फार थोड्या खोऱ्यांत उरलेली. ही ती आहे."

एवढी वाक्यं ते सलग कधी बोलत नसत. त्यांनी घरी बसून ती जुळवली असावीत.

क्युरेटरांनी माझ्याकडे पाहिलं. काय म्हणतायत ते?

माझी वही त्यांच्याच समोर उघडी होती. सहा नोंदींत चीक पिवळा. सातव्या नोंदीत चिकाची जागा कोरी. मी जर म्हटलं असतं की चीक पांढरा होता, तर पुढचा प्रश्न आला असता: मग लिहिलं का नाही? आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं की एका माणसाने पाणी आहे का विचारलं, म्हणून मी घाबरले.

मी इंग्रजीत म्हणाले, "यांना पानं थोडी अरुंद वाटतात."

क्युरेटर म्हणाले, पानं बदलतात, पाणी कमी-जास्त झालं की. त्यांनी सातवा कागद सहांवर ठेवला आणि घड्याळ पाहिलं. मी चिठ्ठी छापली. जातीचं नाव नेहमीचं, ओळखणाऱ्याच्या ओळीत माझं नाव. काकांच्या समोर मी ती चिकटवली.

त्यांनी ब्रश धुवून ठेवला. जाताना नेहमीसारखं "येतो" म्हणाले. पुढच्या बुधवारी आले, त्याच्या पुढच्याही. सातव्या कागदाचा विषय त्यांनी काढला नाही. फक्त एकदा विचारलं, "त्या खोऱ्यात एकदा जाऊन येऊ या का? झाडं अजून असतील. चीक बघू, लिहून घेऊ."

"हो काका, नक्की. थोडं रायटिंग संपू दे."

संपू दे संपू दे म्हणत जुलै आला. इथे जुलैत दुपारी एकाएकी ढग येतात आणि डोंगरातलं पाणी कोरड्या ओढ्यांतून सुटतं. त्या आठवड्यात तीनदा पाऊस झाला. रस्ता उघडल्यावर आम्ही गेलो.

ओढ्याने जागा बदलली होती. जिथे झाडं होती तिथे माणसाच्या डोक्याएवढे दगड होते, ओले, आणि त्यांच्यात अडकलेली एक लांबलचक तार. काका त्या दगडांवरून हळूहळू वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. काही मिळालं नाही. मग एका दगडावर त्यांनी कोरा रुमाल पसरला आणि त्यावर बसले.

"पुन्हा उगवेल ना?" मी विचारलं.

"बी राहिलं असेल तर."

त्यांनी एक खडा उचलून दुसऱ्या जागी ठेवला.

"तू त्यांना चिकाचं सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

मी दगडांत अडकलेली ती तार ओढून पाहिली.

"मला इंग्रजी बोलता येत नाही. समजतं."

चौतीस वर्षं इंग्रजी लेबलं लिहिलेला माणूस. हे मला आधी सुचायला हवं होतं. मी सॉरी म्हणाले. दुसरा शब्द आठवला नाही, इंग्रजीतही नाही आणि मराठीतही नाही.

"चल," ते उठत म्हणाले. "ऊन वाढलं."

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचं परतीचं तिकीट होतं. शेवटच्या बुधवारी त्यांनी दिवसभर कागदाची छोटी पाकिटं घडी घालून ठेवली. झाडाचं बी किंवा गळालेली पाकळी ठेवायला अशी पाकिटं कागदावर चिकटवतात. दोनशे झाली. लिंडाने त्यांना मिठी मारली, तेव्हा ते हात शरीराशी घट्ट धरून उभे राहिले. मी ठरवलं होतं, त्या दिवशी लिंडाला सगळं सांगायचं, त्यांच्या समोर. ते गेल्यावर मी कपाटं बंद केली आणि घरी आले.

डिसेंबरात आमच्या मराठी ग्रुपवर मेसेज आला. काका रात्री झोपेत गेले म्हणे, कसला त्रास नाही. खाली एकेक हात जोडलेले येत होते. 'प्रोफेसर काकांना भावपूर्ण श्रद्धांजली.' 'सरांसारखा विद्वान माणूस पुन्हा होणे नाही.' मी दोनदा टाइप केलं आणि दोनदा खोडलं. शेवटी मीही हात जोडले.

फेब्रुवारीत त्यांचा मुलगा भारतातून परत आला आणि मला भेटायला हर्बेरियममध्ये आला. इथे तो पहिल्यांदाच येत होता. त्याच्या हातात मराठी वर्तमानपत्राची चपटी घडी होती, दोऱ्याने बांधलेली, झाड दाबताना बांधतात तशी. वर माझं नाव.

"बाबांच्या ट्रंकेत होतं," तो म्हणाला. मग कपाटांकडे बघत राहिला. "हे सगळं असं चिकटवायचे का ते?"

"हो. फार छान."

"मी लहानपणी जायचो त्यांच्या लॅबमध्ये. खळीचा वास यायचा त्यांना, नेहमी." तो थांबला. "ते प्रोफेसर नव्हते. तुला माहीत असेल."

"हो."

"मी कशाला सांगत होतो तसं, काय माहीत यार." त्याने चष्मा काढून पुसला आणि पार्किंगची वेळ संपते म्हणून तो गेला.

घडीत रुमाल होता. सूनबाईंपासून लपवलेला, न धुतलेला. कोपऱ्यात पेन्सिलीने मेमधली ती तारीख. एक ते सहा आकडे आणि प्रत्येकाशेजारी डाग, आता तपकिरी पडलेला. पुढे सातचा आकडा. त्याच्याशेजारी काहीच नव्हतं.

मला वाटलं, माझ्या घाईत टिपायचं राहिलं असेल. मग आठवलं की त्यांनी टिपलं होतं, मी पाहिलं होतं. मी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. कापड तिथे कडक होतं, नखाएवढं. पांढऱ्या कापडावर पांढरा चीक. बघून कळत नव्हता, हाताला लागत होता.

रुमालाखाली एक लेबल होतं. जाड कागदावर, शाईने, त्यांच्या त्या अक्षरात. जागा, तारीख, ओढ्याची बाजू. 'चीक पांढरा, दुधाळ' हे इंग्रजीत, लॅटेक्सचं स्पेलिंग अगदी बरोबर. त्याखाली दुर्मीळ पोटजातीचं लॅटिन नाव. आणि शेवटची ओळ, ओळखणाऱ्याचं नाव, रिकामी.

ती त्यांनी सवयीने रिकामी ठेवली, की माझ्यासाठी सोडली? हे आता कोणाला विचारणार?

मी लिंडाकडे गेले आणि सगळं सांगितलं. पिकअप, वही, क्युरेटर, मी काय बोलले आणि काय नाही. मधे दोनदा शब्द अडला. पण वाक्यं पूर्ण केली. लिंडा हसली नाही, रागावलीही नाही. तिने सातच्या जागेवर स्वतःचं बोट ठेवून पाहिलं.

क्युरेटरांनी कागद पुन्हा काढला, भिंगातून पानं पाहिली. म्हणाले, शक्य आहे. पण झाड उरलं नाही, एका रुमालावरून खात्रीने म्हणता येणार नाही. लेबल लावा, नावापुढे प्रश्नचिन्ह घाला. मी विचारलं, वहीत तेव्हाच लिहिलं असतं तर? ते म्हणाले, तर प्रश्नचिन्ह लागलं नसतं. आणि त्या वेळी कोणीतरी जाऊन बी गोळा केलं असतं. ते मला बोल लावत नव्हते. विचारलं म्हणून सांगितलं.

एप्रिलमध्ये मी एकटीच त्या खोऱ्यात गेले. मेमध्ये पुन्हा. दगड आहेत, ती तारही आहे. ओढ्याच्या वरच्या अंगाला धोतऱ्याची चार झाडं मिळाली. मी आधी फुलाकडे पाहिलं नाही. पान मोडलं. चीक पिवळा होता, चारही झाडांचा. वहीत तिथल्या तिथे लिहिला.

तो सातवा कागद आता त्याच कपाटात आहे. खालच्या कोपऱ्यात माझी चिठ्ठी, चुकीची, माझ्या नावाची. ती काढता येत नाही आणि काढता आली असती तरी काढू नये. बाजूला काकांनीच घडी घातलेल्या दोनशेंपैकी एक पाकीट, त्यात रुमाल. आणि चिठ्ठीच्या वर त्यांचं लेबल.

शेवटची ओळ भरायची होती तेव्हा लिंडाने विचारलं, नावाआधी काय लावायचं? डॉक्टर? प्रोफेसर?

"काही नाही," मी म्हटलं. "नुसतं नाव."

पेन माझ्या हातात होतं. बाराशे कागदांवर त्यांचं अक्षर आणि दुसऱ्यांचं नाव होतं. इथे वरच्या ओळी त्यांच्या अक्षरात आहेत आणि नाव तेवढं माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात. इतकी वर्षं टाइप करून माझं अक्षर बिघडलं आहे. प्रश्नचिन्हही मीच घातलं.

तुम्हाला मी त्यांचं नाव सांगितलेलं नाही. ते तिथे आहे, शेवटच्या ओळीत.